बेंचमार्किंग करताना, म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या चांगल्या कामाशी ताडून बघताना, या चुका टाळा, नुसता दुसऱ्याचा आकडा आणून काही होत नाही

भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला होतो तेव्हाची गोष्ट. मालक कस्टमरच्या मीटिंगला जाऊन आले, तिथे दुसऱ्या एका सप्लायरने सांगितलं की त्यांचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, ०.८ टक्के आहे, आणि आमचं होतं ३.१. झालं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर मोठ्या अक्षरात "टार्गेट ०.८" लागलं आणि पुढचे तीन महिने प्रॉडक्शनवाले क्वालिटीवर, क्वालिटीवाले स्टोअरवर, स्टोअरवाले फाउंड्रीवर ढकलत बसले. मग त्या दुसऱ्या शॉपमधला एक ओळखीचा टपरीवर भेटला आणि बोलता बोलता कळलं की कास्टिंगमधला ब्लोहोल (ओतकामात राहिलेली हवेची पोकळी) मशीनिंगला उघडा पडला तर तो पीस ते फाउंड्रीच्या नावावर टाकतात, आणि मशीनच्या सेटिंगमध्ये वाया गेलेल्या पीसचं रजिस्टरच वेगळं आहे! आम्ही सगळं एकाच टोपल्यात मोजत होतो. त्यांच्या पद्धतीने मोजलं तर आम्ही १.१ वर निघालो. म्हणजे तीन महिने डोकी फोडली ती ०.३ साठी.

ही पहिली चूक आणि माझ्या मते सगळ्यात महागडी. समोरच्याने आकडा सांगितला की आधी विचारायचं, यात काय काय धरलंय आणि काय सोडलंय.

ओईईचं, म्हणजे मशीनचा खरा वापर किती टक्के झाला या आकड्याचं, तर विचारूच नका. ८५ टक्के म्हणजे वर्ल्ड क्लास असं प्रत्येक ट्रेनिंगला सांगतात, पण ते ८५ आलं कुठून हे फार थोड्यांना माहीत असतं. जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएम (मशीनची देखभाल सगळ्यांनी मिळून करायची पद्धत) मांडताना मशीनची उपलब्धता ९० टक्के, वेग ९५ टक्के आणि चांगला माल ९९ टक्के असं धरलं, त्या तिघांचा गुणाकार साधारण ८५ येतो. आता तुमच्याकडे रोज पाच प्रकारचे पार्ट चालतात आणि दुसऱ्याकडे महिनाभर एकच, तर दोघांना ८५ चीच पट्टी लावून काय कळणार? वर लोक हुशार असतात. समजा शिफ्टमध्ये जेवण-चहा सोडून ४४० मिनिटं आहेत, त्यात ७० मिनिटं चेंजओव्हरला (एका पार्टवरून दुसऱ्या पार्टची सेटिंग करायला) गेली, ३० ब्रेकडाऊनला, मशीन चाललं ३४०, म्हणजे उपलब्धता ७७ टक्के. कुणीतरी एक्सेलमध्ये चेंजओव्हर "प्लॅन्ड" म्हणून आधीच वजा केला की तीच ३४० मिनिटं आता ३७० पैकी होतात, ९२ टक्के! मशीन एक मिनिटसुद्धा जास्त चाललेलं नाही, पण रिव्ह्यू मीटिंगला टाळ्या पडतात. तुमचा आकडा एका महिन्यात उडी मारून वर गेला असेल तर पेढे वाटायच्या आधी फॉर्म्युला कुणी बदललाय का ते बघा.

दुसरी चूक, आकडा आणायचा पण पद्धत आणायची नाही. यावर टोयोटाची गोष्ट मला फार आवडते. १९६९ च्या सुमारास त्यांच्या १००० टनी प्रेसचा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला चार तास लागायचे आणि जर्मनीत फोक्सवॅगनकडे तसंच काम दोन तासात होत होतं. बेंचमार्क मिळाला, दोन तास. टोयोटाचे सल्लागार शिगेओ शिंगो कामाला लागले, सहा महिन्यांत ते ९० मिनिटांवर आणलं. आपल्याकडे इथेच सत्कार झाला असता, पण टोयोटाच्या मॅनेजमेंटने सांगितलं तीन मिनिटांवर आणा, आणि ते आणलं. ते काही लोकांना पळवून झालं नाही. मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं कोणती आणि मशीन चालू असताना आधीच उरकून ठेवता येतील अशी कोणती, हे आधी वेगळं केलं आणि मग पहिल्यातली जितकी ढकलता येतील तितकी दुसऱ्यात ढकलली. फोक्सवॅगनच्या आकड्याने फक्त एवढंच दाखवलं की चार तास हे काही ब्रह्मवाक्य नाही, पुढचं त्यांनी आपल्याच प्रेसजवळ उभं राहून शोधलं.

आपल्याच धंद्यातल्या लोकांकडे बघत बसणं हीसुद्धा चूकच म्हणा. झेरॉक्सने गोदामातला माल काढायची पद्धत सुधारायला एल. एल. बीन बघितली, जी कपडे आणि बूट टपालाने विकणारी कंपनी. माल वेडावाकडा, हातानेच उचलावा लागणारा, तरी वेग भारी. कॉम्पिटिटर तुम्हाला आत घेणार नाही, पण वेगळ्या धंद्यातला माणूस कौतुकाने सगळं दाखवतो, हा फायदा वेगळाच.

पण बाहेरचं बघताना उलटीही चूक होते आणि तिचं घरचं उदाहरण म्हणजे मुंबईचे डबेवाले. त्यांच्यावरचं सेशन ऐकून आलेला मॅनेजर काय उचलतो, तर डब्यावरचे कोड आणि रंग. लगेच स्टोअरमध्ये बिन रंगवून घेतो. अहो पण ते कोड चालतात कारण तिथे ग्रुपची कमाई वाटून घेतात, बरेचसे मावळ, खेड, जुन्नरकडचे, एकमेकांच्या ओळखीपाळखीतले, आणि वर लोकलचं टाइमटेबल छातीवर बसलेलं, गाडी चुकली की खेळ खल्लास. तुमच्या स्टोअरमध्ये कॉन्ट्रॅक्टचा पोरगा तीन महिन्यांनी बदलतो, त्याला बिनच्या रंगाशी काय देणंघेणं?

बेंचमार्क थेट इन्सेंटिव्हला जोडू नका, निदान पहिलं वर्ष तरी. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने एका ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विकायचं टार्गेट ठेवलं, खालच्या लोकांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली, ५३०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि २०१६ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. मशीन शॉपमध्ये एवढं मोठं काही होत नाही, फक्त रिजेक्ट पीस रात्री गुपचूप भंगारच्या ड्रममध्ये जातात आणि महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही. स्टॉक जुळत नसेल आणि रिजेक्शन मस्त दिसत असेल तर ड्रम उलटा करून बघा, मी केलंय.

आता गाडी अडकलीच असेल तर. आकडा सुधारला पण कस्टमरच्या तक्रारी तेवढ्याच, तर मोजण्यात गडबड आहे. दोन महिने सुधारला आणि परत खाली आला, तर नवीन पद्धत एखाद्याच्या डोक्यातच राहिली आणि तो सुट्टीवर गेला. आणि काहीच हलत नसेल तर बाहेर जाऊच नका, स्वतःच्याच दोन शिफ्ट शेजारी शेजारी ठेवून बघा.

आम्ही शेवटी तेच केलं. एकच पार्ट, एकच मशीन, फर्स्ट शिफ्टला चेंजओव्हर ७० मिनिटं आणि सेकंडला ५०. जाऊन बघितलं तर सेकंडचा सेटर जुना लॉट संपायच्या अर्धा तास आधीच टूल, जॉ, गेज सगळं ट्रॉलीवर मांडून ठेवायचा, फर्स्टवाला मशीन बंद करून मग टूल आणायला स्टोअरला जायचा. फर्स्टलाही ट्रॉली दिली, दोन्ही शिफ्ट ५० वर आल्या आणि तिथेच अडकल्या. मग घड्याळ लावून एकेक मिनिट लिहून काढलं. त्या ५० मधली १८ मिनिटं पहिला पीस अप्रूव्हलसाठी क्वालिटीच्या टेबलावर पडून राहत होता. म्हणजे आमच्याच.