बेक्ड झीटी घरी करताना या चुका टाळा

न्यू जर्सीत एखाद्या घरी बाळ आलं, कुणाचं माणूस गेलं, किंवा शेजारी नवं बिऱ्हाड आलं, की इटालियन घरांतून फॉइलचा खोलगट ट्रे दारात येतो. वर खरपूस चीज, खाली टोमॅटोच्या सॉसमध्ये मुरलेला नळीचा पास्ता. हीच बेक्ड झीटी. माझी धाकटी झाली तेव्हा दवाखान्यातून घरी आलो त्याच संध्याकाळी शेजारच्या आजींनी असा ट्रे ओट्यावर आणून ठेवला आणि "आज स्वयंपाक करायचा नाही" एवढंच सांगून गेल्या. आम्ही तो तीन दिवस पुरवून खाल्ला. तिसऱ्या दिवशीचा घास सगळ्यात चांगला लागला.

दक्षिण इटलीच्या बोलीत 'झीता' म्हणजे नवरी. नेपल्सकडे हा पास्ता लग्नाच्या जेवणातला. तिथल्या मूळच्या नळ्या चांगल्या लांब असतात आणि शिजवण्याआधी हाताने मोडून घेतात. 1880 ते 1920 या काळात सुमारे 40 लाख इटालियन माणसं अमेरिकेत आली, त्यांतली बहुतेक दक्षिणेतली. गावाकडे सणावारी मिळणारं चीज इथे रोजच्या कमाईत बसायला लागलं आणि तिकडचा 'पास्ता आल फोर्नो', म्हणजे भट्टीतला पास्ता, इथे चीजने भरून गेला. त्यामुळे या पदार्थात चीज बेताने घालून भागत नाही. हलकं काही करायचं असेल तर त्या दिवशी दुसरं काहीतरी करावं.

मी पहिल्यांदा केली तेव्हा ट्रेच्या तळाशी वाटीभर लाल पाणी साचलं होतं आणि वरचं चीज एकसंध चादरीसारखं उचलून येत होतं. दुसऱ्या वेळी पाण्याची धास्ती घेऊन सॉस आटवला, तर पास्ता कोरडा ठणठणीत. मग आजी माझ्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दाखवलं ते असं: या पदार्थात सगळा हिशेब पाण्याचा. पास्ता किती पाणी पिणार, चीज किती सोडणार, सॉस किती धरून ठेवणार. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या हिशेबातल्याच आहेत.

आधी प्रमाण सांगते. 9 बाय 13 इंची खोलगट ट्रेला 454 ग्रॅम झीटी (नाही मिळाली तर पेने), तयार सॉस सहा कप, रिकोटा (मऊ, दुधाळ ताजं चीज) सव्वाचारशे ग्रॅम, मोझरेला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम आणि किसलेलं पार्मेजान किंवा पेकोरिनो (दोन्ही कडक, खारट चीज) अर्धा-पाऊण कप. भारतातल्या बऱ्याच ओटीजीमध्ये एवढा ट्रे मावत नाही. त्यांनी 8 बाय 8 इंची भांडं घ्यावं आणि सगळं निम्मं करावं.

पास्ता पूर्ण शिजवणं

सर्वांत मोठी चूक हीच. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर सात-आठ मिनिटांनी पास्ता उपसायचा. नळी दाताखाली कडक लागली पाहिजे; मधोमध तोडली तर आत कच्च्या पिठाची बारीक पांढरी कड दिसते, ती हवीच. पुढचा पाऊण तास ती ओव्हनमध्ये सॉस पीत बसणार आहे. आधीच पोट भरलेली नळी सॉस पीत नाही, फुटते, आणि ट्रेमध्ये गिच्च गोळा होतो.

पास्ता उपसल्यावर नळाखाली धरू नका. शिजणं थांबावं म्हणून आपण शेवया धुतो, त्याच सवयीने इथे हात जातो. पण नळीवर जो चिकट स्टार्च असतो, त्यालाच सॉस बिलगतो. धुतलेल्या नळीवरून तो घसरून थेट तळाशी जातो. चिकटू नये म्हणून तेल लावण्याचाही परिणाम तोच. उपसला की लगेच सॉसमध्ये घालायचा, एवढंच.

पाण्यात मीठ घालायला मात्र हात आखडू नका. साडेचारशे ग्रॅम पास्त्याला साधारण चार लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ. अळणी शिजलेल्या पास्त्याला वरून कितीही मीठ घाला, आतून तो अळणीच राहतो. आणि उपसण्याआधी ते पाणी दोन कप बाजूला काढून ठेवा, पुढे लागेल.

पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय का ते बघा. मैद्याचा स्वस्त पास्ता दोनदा शिजणं सोसत नाही. आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच आहे. त्याचा रवा कसा मोकळा आणि दाणेदार शिजतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातला फरक वेगळा समजवायला नको.

पाणचट सॉस, नाहीतर घट्ट चटणी

सॉस झाला की नाही हे ओळखायची आजींची खूण: एक चमचा सॉस पांढऱ्या ताटलीत टाका आणि अर्धं मिनिट थांबा. गोळ्याभोवती पाण्याचं गुलाबी कडं सुटलं तर अजून आटवायचा. कडं सुटलं नाही आणि ताटली तिरकी केल्यावर सॉस हळूहळू सरकला तर गॅस बंद. आजी त्याला सॉस म्हणत नाहीत, 'ग्रेव्ही' म्हणतात. त्यांच्याकडे रविवारी सकाळी ती मंद आचेवर चढते ती दुपारपर्यंत. आपल्याला रोजच्या धबडग्यात पाऊण तास पुरतो.

इथे डब्यातले सोललेले टोमॅटो मिळतात, त्यांत गर जास्त असतो. भारतातले बरेचसे टोमॅटो आंबट आणि पाणीदार. ते उकडून, सोलून, मिक्सरला लावून भरपूर आटवावे लागतात. आंबटपणाला चमचाभर साखर घालतात, पण मी लसणाबरोबर एक गाजर किसून घालते. गोडी येते आणि सॉस जरा बांधलाही जातो. केचपने मात्र काम भागवू नका. त्यातलं व्हिनेगर आणि साखर बेक झाल्यावर जास्तच पुढे येतात.

लसूण तेलात फक्त कडेने सोनेरी होऊ द्या. तडक्यासारखा लाल केला तर सगळा ट्रे कडवट होतो. बेसिलच्या जागी तुळस घालू नका, तिची लवंगेसारखी तिखट चव टोमॅटोवर चढून बसते. घरी सब्जाचं रोप असेल तर त्याची चार कोवळी पानं घालून पाहा. सब्जा आणि बेसिल ही वनस्पती एकच.

आता पाण्याचा दुसरा भाग. सॉस आणि पास्ता एकत्र केल्यावर मिश्रण लगेच ताटात वाढण्याजोगं दिसलं तर ते ओव्हनसाठी कोरडं आहे. या वेळी ते थोडं जास्तच सैल दिसायला हवं, पळीने ढवळताना पळीमागे सॉस वाहून आला पाहिजे. बाजूला ठेवलेलं पास्त्याचं पाणी इथे कपभर जातं. या पाण्यात स्टार्च असतो, म्हणून ते सॉसमध्ये मिसळून राहतं, साध्या पाण्यासारखं तळाशी वेगळं साचत नाही.

चीज

माझ्या पहिल्या ट्रेतलं लाल पाणी आलं होतं ताज्या मोझरेलामधून. पाण्यात ठेवलेले पांढरेशुभ्र मऊ गोळे फार चविष्ट लागतात, पण ओव्हनमध्ये ते भरपूर पाणी सोडतात. बेक्ड झीटीला कमी ओलाव्याचं, घट्ट, किंचित पिवळसर मोझरेला हवं. ताजंच वापरायचं असेल तर काप करून तासभर कापडात दाबून ठेवा.

किसून पाकिटात मिळणाऱ्या चीजवर धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. त्यामुळे ते नीट एकजीव होत नाही. लादी आणून घरी किसा, पाच मिनिटांचं काम आहे. प्रोसेस्ड चीजचे क्यूब घालून तार सुटत नाही म्हणून अनेक जणी हळहळतात. त्यात इमल्सिफाय करणारे, म्हणजे चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे, क्षार असतात; ते वितळतं गुळगुळीत, पण मोझरेलासारखी लांब तार त्याला येत नाही.

सगळं चीज वर पसरणं ही आणखी एक चूक. वरची जाड चादर पहिल्या घासालाच निघून येते आणि खाली नुसता पास्ता उरतो. मोझरेलाचे तीन भाग करा: एक भाग मिश्रणात, एक मधल्या थरावर (अर्धं मिश्रण ट्रेमध्ये पसरल्यावर), एक वर.

रिकोटावर माझा विशेष जीव आहे. नीट घातला तर मऊ, दुधाळ घास मधूनच जिभेवर येतो आणि टोमॅटोचा आंबटपणा निवतो. आजींच्या तोंडी तो 'रिगोत'. बरेच जण तो सॉसमध्ये पूर्ण कालवून टाकतात, मग सगळं गुलाबी आणि पिठूळ होतं. रिकोटात मीठ, मिरपूड, थोडं पार्मेजान आणि एक अंडं फेटून घ्या आणि मधल्या थरावर चमच्याने गोळे सोडा, पसरवू नका. अंडं नको असेल तर रिकोटा अर्धा तास मलमलीच्या कापडात निथळत ठेवा, म्हणजे ओव्हनमध्ये पाणी सुटणार नाही.

भारतात रिकोटाऐवजी पनीर कुस्करून घालतात आणि ते दाताखाली रबरासारखं चरचरतं. दाबून घट्ट केलेल्या पनीरचं असंच होणार. खरा रिकोटा चीज करताना उरलेल्या निवळीपासून बनतो. घरी त्याच्या जवळ जायचं असेल तर एक लिटर सायीचं दूध उकळी येताच लिंबाने फाडा, कापडात दहा-पंधरा मिनिटं नुसतं निथळू द्या आणि अजिबात दाबू नका. तयार पनीरच असेल तर थोडं दूध घालून मिक्सरला फिरवून घ्या.

शाकाहारी घरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. इटलीतलं अस्सल पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे मूळचं पार्मेजान, वासराच्या रेनेटनेच (जठरातल्या, दूध गोठवणाऱ्या एन्झाइमने) बनवावं लागतं, तसा तिथला नियम आहे. पाळायचं असेल तर भारतात हिरवा ठिपका पाहा, इथे अमेरिकेत पाकिटावर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेबल रेनेट लिहिलंय का ते वाचा.

ओव्हनमध्ये

ओव्हन आधी 190 अंश सेल्सियसला पूर्ण तापू द्या. ट्रे फॉइलने झाकून पंचवीस-तीस मिनिटं, मग फॉइल काढून दहा-पंधरा मिनिटं. सुरुवातीपासून उघडा ठेवला तर वरच्या नळ्या खडखडीत सुकतात आणि चीज आतलं गरम व्हायच्या आधीच करपतं. कडेला सॉस बुडबुडायला लागला की झालं. वरून रंग हवा असेल तर शेवटी फक्त वरचा रॉड लावा, तीन मिनिटं, आणि समोरून हलू नका.

फॉइल चीजला टेकू देऊ नका, मधे फुगवटा ठेवा. स्टीलच्या भांड्यात तर टोमॅटोला टेकलेल्या फॉइलला बारीक भोकं पडतात आणि अन्नावर काळपट ठिपके उतरतात. आंबट सॉस आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की ही क्रिया होते. काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकतं.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. मुलं ताटल्या घेऊन उभी असली तरी नाही. या वेळात पास्ता उरलेला सॉस ओढून घेतो, चीज आवळतं आणि वडीसारखा चौकोनी तुकडा निघतो. लगेच कापलं तर सगळं ताटात पसरतं.

तरीही बिघडलंच तर

तळाशी पाणी दिसलं तर फॉइल काढून आणखी दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा, मग थांबा. बरंचसं पाणी पास्ताच पिऊन टाकतो. कोरडं झालं असेल तर कडेकडेने अर्धा कप गरम सॉस सोडा, झाकून दहा मिनिटं परत आत. वरून करपलं असेल तर तो थर सुरीने काढा, नव्याने थोडं मोझरेला किसून दोन मिनिटं वरचा रॉड लावा.

आदल्या दिवशी रचून ठेवणार असाल तर सॉस एक कप जास्त धरा, कारण पास्ता रात्रभर पीत राहतो. बेक करण्याआधी ट्रे अर्धा तास फ्रिजबाहेर ठेवा आणि झाकून ठेवण्याची वेळ पंधरा मिनिटांनी वाढवा. दुसऱ्या दिवशी उरलेली वडी गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा तवा बरा: चमचाभर पाणी शिंपडा, झाकण ठेवा, आच मंद. खालची बाजू खरपूस होते. आमच्याकडे त्या कडेच्या तुकड्यावरून भांडणं होतात, म्हणून मी ट्रेचे चारही कोपरे आधीच बाजूला काढून ठेवते.