सोयाबीन काढणी : अंदाज पाहून किती कापायचं ते ठरवा

मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनची पानगळ होते नेमकी परतीच्या पावसाच्या दिवसांत. मॉन्सून राज्यातून निघून जाईपर्यंत साधारण ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सरतो. उभं पीक एखादी सर सोसतं, पण कापून आडवं पडलेलं सोयाबीन दोन-तीन दिवस भिजत राहिलं की शेंगेतच कोंब फुटतात आणि दाणा काळवंडतो. दुसरीकडे, पावसाच्या धास्तीने पक्व पीक उभं ठेवलं तर उन्हात शेंगा तडकून दाणे रानात सांडतात. म्हणून कापायचं की थांबायचं यापेक्षा एका दिवशी किती कापायचं, हा हिशोब जास्त मोलाचा आहे. जेवढं ताडपत्रीखाली झाकता येईल किंवा लगेच मळता येईल, तेवढंच कापा.

परभणी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांची कृषी हवामान पत्रकं दर मंगळवारी व शुक्रवारी येतात. त्यांत पुढच्या 5 दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा दिलेला असतो. पहिले दोन दिवस बऱ्यापैकी भरवशाचे. चौथा-पाचवा दिवस फक्त कल म्हणून बघा. कापणी, वाळवण आणि मळणी मिळून तीन-चार दिवसांची उघडीप दिसत असेल तर टोळीच्या मुकादमाशी आणि मळणीयंत्रवाल्याशी एकाच वेळी बोलून ठेवा. कापणी झाली पण यंत्र चार दिवसांनी आलं, यातच बहुतेकांचा माल भिजतो. आदल्या संध्याकाळी अंदाज पुन्हा बघा.

पत्रकातले शब्द नीट वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. आपल्या शिवारात तो पडेलच असं नाही. पण ‘हलका ते मध्यम’ वाचून निर्धास्त होऊ नका. हवामान खात्याच्या मोजमापात मध्यम पाऊस 24 तासांत 64.4 मिलिमीटरपर्यंत जातो आणि काळ्या रानात एवढ्या पाण्याने कापलेलं पीक तरंगायला लागतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नकाशांवर आधी तारीख शोधा. गेल्या वर्षीचे नकाशेही दरवर्षी नव्याने फिरतात.

आर्द्रतेचा आकडा मळणीसाठी बघायचा. सकाळी दव असताना शेंगा मऊ पडतात, यंत्रातून न फुटता भुसकटात जातात. ऊन चांगलं तापल्यावरच यंत्र सुरू करा.

पावसाचा इशारा आला आणि माल रानात असेल तर उंच जागी ढीग घाला, भोवती चर काढा, वर ताडपत्री बांधा. ऊन पडताच ती उघडायलाच हवी. आत वाफ धरली की ढीग तापतो आणि बुरशी येते. साठवणीआधी दाण्यातला ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणा, खरेदीतही तोच आकडा बघतात.

या दिवसांत दुपारनंतर ढग दाटतात आणि विजा पडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं. ते मुकादमाच्याही मोबाईलमध्ये टाकून द्या. गडगडाट ऐकू आला की मजुरांना झाडाखाली थांबू न देता पक्क्या घरात आणा, मग माल भिजला तरी चालेल.