कराटे-जूडोच्या क्लासआधीचे आठ आठवडे

सदतिसाव्या वर्षी कराटेच्या क्लासला नाव घातलं तेव्हा माझी तयारी एवढीच होती: नवा कोरा पांढरा पोशाख. वॉर्म-अपलाच धाप लागली. पंधराव्या मिनिटाला शेजारच्या दहा वर्षांच्या मुलीचं बघून पाय तिच्याइतका उंच फेकला आणि मांडीच्या मागे काहीतरी सणकन ताणलं गेलं. पुढचे पाच आठवडे घरी बसून काढले. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हा कळलं ते असं, की दम लागला तर माणूस दोन मिनिटं बाजूला बसतो आणि पुन्हा उभा राहतो. खरा दगा देतात ते सांधे आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या. नियमित व्यायामाने दम दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतो, स्नायूंची ताकदही लवकर वाढते. कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्या सावकाश घट्ट होतात. म्हणून आठ आठवडे हवेत. आठवड्यातले चार दिवस, दर वेळी साधारण चाळीस मिनिटं.

त्याहून जास्त वेळ मात्र घेऊ नका. ‘आधी फिट होतो, मग क्लास लावतो’ म्हणणारे बरेच जण क्लास कधीच लावत नाहीत. कॅलेंडरवर तारीख आजच लिहून टाका.

१. आधी क्लास बघून या

तयारी कशाची करायची ते क्लासवर ठरतं. कराटेत गुडघे वाकवून खोल पवित्र्यात बराच वेळ उभं राहायचं असतं, त्यामुळे मांड्या आणि खुबे भरून येतात. तायक्वांदोत पाय सतत कमरेच्या वर. जूडोत पकड, मान आणि पडणं. तालमीत कुस्ती शिकायची असेल तर हे सगळं, शिवाय मानेवर समोरच्याचं वजन. एक तास कोपऱ्यात बसून बघा आणि नवख्यांना कसं वागवतात त्यावर लक्ष ठेवा. जूडोच्या क्लासमध्ये पडायला शिकवण्याआधीच कुणाला उचलून आपटत असतील, तर दुसरा क्लास शोधा.

२. डॉक्टरांना विचारा

चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा मधुमेह असेल, जिना चढताना छातीत दुखत असेल, कधी चक्कर येऊन पडला असाल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा गुडघ्याचं-मणक्याचं जुनं दुखणं असेल, तर ही पायरी गाळू नका.

३. स्वतःची परीक्षा घ्या

चार गोष्टी करून बघा आणि वहीत लिहून ठेवा. तीन मजले न थांबता चढून लगेच सलग दोन वाक्यं बोलता येतात का? टाचा जमिनीला टेकवून एक मिनिट उकिडवं बसता येतं का? भिंतीजवळ उभं राहून, डोळे मिटून एका पायावर दहा सेकंद टिकता का? कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ ठेवून तीस सेकंद राहता येतं का? यातलं जे सगळ्यात वाईट जमेल त्याला आठ आठवड्यांतला जास्त वेळ द्या. माणूस नेमकं उलटं करतो, जे जमतं तेच रोज करत बसतो.

४. दमसास

पहिले दोन आठवडे फक्त भरभर चालणं, अर्धा तास. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, असा वेग. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक मिनिट हलकं धावणं आणि दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या.

पाचव्या आठवड्यापासून पद्धत बदलायची. जूडोत मोठ्यांची लढत ४ मिनिटांची असते, कराटेतली कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, ३ मिनिटांची. तिथे लागतो तो झटक्यात संपणारा आणि झटक्यात परत येणारा दम. नुसतं संथ पाच किलोमीटर धावून तो येत नाही. तीस सेकंद जोरात धावा, एक मिनिट चाला, आठ वेळा. किंवा दोरीच्या उड्या मारा: दोन मिनिटं उड्या, एक मिनिट विश्रांती, पाच फेऱ्या. दोरीने पोटऱ्या आणि टाचेमागची कंडराही तयार होते, म्हणून मला तीच जास्त आवडते. फक्त घर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असेल तर गच्चीवर किंवा अंगणात जा. खालचे लोक तुमच्या कराटेची वाट बघत नसतात.

५. जोर-बैठका, पण बेताने

आपल्या तालमींनी पिढ्यानपिढ्या जपलेला हा व्यायाम या कामाला फार चांगला आहे. वजनं लागत नाहीत, चटईएवढी जागा पुरते. धोका आकड्यांचा आहे. कोल्हापूरचा पैलवान शेकड्यांनी बैठका मारतो हे ऐकून पहिल्याच दिवशी दोनशे मारायला जाऊ नका. सवय नसलेल्या माणसाच्या मांड्यांचे तंतू त्याने इतके तुटू शकतात की त्यातलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय ठणकणं नेहमीचंच. पण मांड्या सुजून टणक झाल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठा.

बैठकांची सुरुवात खुर्चीवरून करा. पाय खांद्याइतके फाकवून खुर्चीला जेमतेम टेकायचं आणि उठायचं. दहाच्या तीन फेऱ्या, दोन आठवडे. मग खुर्ची काढून टाका. जितकं खाली जाता येईल तितकं जा, पण टाचा टेकलेल्या हव्यात. तालमीतली बैठक, जिच्यात टाचा उचलल्या जातात आणि हात झुलतात, ती पाचव्या आठवड्याच्या आधी नको. तिच्यात गुडघ्यावर बराच भार येतो. गुडघ्याच्या आत टोचल्यासारखं झालं तर एक पायरी मागे या.

जोरांचंही तसंच. पहिले दोन आठवडे स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून तिरके दंड काढा, नंतर जमिनीवर, हवं तर गुडघे टेकवून. जमिनीवर दहा नीट निघायला लागले की खरा जोर: कंबर वर, मग छाती जमिनीला घासत पुढे न्यायची, मान वर काढायची आणि आल्या वाटेने मागे. सुरुवातीला पाच पुरेत. आठव्या आठवड्यापर्यंत तीन फेऱ्यांत मिळून चाळीस बैठका आणि पंधरा जोर निघाले की नवख्याला भरपूर झालं. शेवटच्या जोरात कंबर लटकत असेल तर तो मोजू नका.

जूडो किंवा कुस्ती करायची असेल तर पकडीसाठी आडव्या दांडीवर जाड टॉवेल टाकून त्याची दोन्ही टोकं धरून लोंबकळा. दहा सेकंदही खूप वाटतील.

६. खुबे आणि घोटे

दिवसाचे दहा तास खुर्चीत घालवणाऱ्याचे खुबे आखडलेले असतात. आजी तांदूळ निवडायला तासन्‌तास उकिडवी बसायची, आपण तीन मिनिटांत उठतो. दाराची मूठ धरून का होईना, रोज तीन मिनिटं उकिडवे बसा. घोट्यासाठी: भिंतीसमोर उभे राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. तोल सांभाळण्यासाठी दात घासताना एका पायावर उभे राहा.

ताणून धरण्याचे प्रकार (तळवे जुळवून गुडघे खाली नेणं, बसून पुढे वाकणं) व्यायाम संपल्यावर, अंग गरम असताना, प्रत्येकी तीस सेकंद. व्यायामाआधी फक्त पाय पुढे-मागे झुलवा. थंड अंगाने पाय उंच फेकायचा नाही. हे मी विकत घेतलेलं शहाणपण आहे.

७. पडण्याची सवय

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत जूडो सुरू केला. या शब्दाचा अर्थ ‘सौम्य मार्ग’, आणि पहिल्यांदा पाठीवर आपटल्यावर तो कुणालाच पटत नाही. पडताना आपण आपसूक हात मागे टेकतो. त्यात मनगट मोडतं, कधी गळ्याजवळचं हाड. ही सवय घरीच थोडी मोडता येते. जाड गादीवर उकिडवे बसा, हनुवटी छातीला चिकटवा, पाठ गोल करा आणि हात मागे न नेता हळूच मागे लोळून परत या. रोज दहा वेळा. उभ्याने पडणं घरी करू नका, ते मॅटवर, शिकवणाऱ्यासमोर.

मानेसाठी उताणे पडून हनुवटी आत ओढा, डोकं दोन बोटं उचला आणि दहा सेकंद धरा, पाच वेळा. पैलवान डोक्यावर कमान करतात, तिच्या वाटेला एकट्याने जाऊ नका.

८. खाणं

फार मोठं प्रकरण नाही. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. शाकाहाऱ्यांनी उसळ, दही, पनीर, फुटाणे यांचं प्रमाण वाढवावं आणि भाताचा डोंगर थोडा कमी करावा. पोटभर जेवण आणि व्यायाम यांत दोन तास जाऊ द्या. सकाळचा क्लास असेल तर आधी एक केळं पुरतं.

९. शेवटचा आठवडा

सगळं निम्म्यावर आणा, म्हणजे पहिल्या दिवशी अंग ताजं राहील. घरात अनवाणी चाला, कारण मॅटवर चप्पल-बूट चालत नाहीत. हातापायांची नखं कापा. अंगठी, साखळी, मंगळसूत्र, कानातलं घरीच ठेवा. आणि क्लास सुरू होण्याआधी सरांना बाजूला घेऊन जुनं दुखणं सांगा, ते तुमच्या दृष्टीने कितीही किरकोळ असलं तरी. डावा गुडघा दुखतो हे त्यांना वॉर्म-अपच्या आधी कळलं तर त्यांना तुमच्यासाठी पवित्रा थोडा उंच ठेवता येतो.