अमेरिकेचे नागरिकत्व सोडून पुन्हा भारतीय होताना: आधी काय, नंतर काय

निवृत्तीनंतर पुण्यात, नाशकात किंवा गोव्यात कायमचे राहायला आलेल्या मराठी अमेरिकनांच्या मनात कधी ना कधी हा विचार येतो, की उरलेले आयुष्य इथेच काढायचे आहे आणि भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डही हाताशी आहे, तर दरवर्षी अमेरिकेचे करविवरणपत्र भरत बसण्यापेक्षा ते नागरिकत्व सोडून मोकळे व्हावे. विचार गैर नाही. मात्र त्यामागे पुष्कळदा ओसीआय म्हणजेच भारतीय नागरिकत्व अशी एक चुकीची समजूत असते आणि ती वेळीच दूर झाली नाही, तर माणूस कोणत्याच देशाचा नागरिक उरत नाही.

माझ्या परिचयातील एक वयोवृद्ध गृहस्थ आपली ओसीआयची पुस्तिका दाखवून ‘हा माझा भारतीय पासपोर्ट’ असे सांगत असत. पुस्तिकेवर अशोकस्तंभाची मुद्रा आहे, आकारही पासपोर्टसारखाच आहे, त्यामुळे त्यांचा समज होणे स्वाभाविक होते. मी त्यांना आतले पान उघडून राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय छापले आहे ते वाचायला सांगितले. तिथे अमेरिकेचे नाव होते. ते बराच वेळ त्या एका ओळीकडे पाहत राहिले. अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाची भेटीची वेळ त्यांनी तोपर्यंत मागून ठेवली होती.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ असे सांगते, की भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. म्हणजे अमेरिकेत ज्या दिवशी निष्ठेची शपथ घेतली, त्याच दिवशी तुम्ही भारताचे नागरिक राहिला नाहीत. जुना पासपोर्ट कपाटात तसाच पडून असला तरीही. ओसीआय ही त्याच कायद्याच्या कलम ७ए खाली होणारी नोंदणी आहे आणि ती परदेशाच्या नागरिकालाच मिळते. तिच्यामुळे भारतात आजन्म येता-जाता येते आणि राहता येते, परंतु मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि केवळ त्या पुस्तिकेवर विमानाने परदेशी जाता येत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व गेले की या नोंदणीचा पायाच निघून जातो. आधार आणि पॅन यांनी तर नागरिकत्व सिद्ध होतच नाही.

इतर काही देशांचे कायदे माणसाला नागरिकत्वहीन होण्याच्या या टोकापर्यंत जाऊ देत नाहीत. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यानुसार नागरिकत्व सोडणाऱ्याला सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व मिळाले नाही, तर तो सुरुवातीपासून ब्रिटिशच राहिला असे मानले जाते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाही दुसऱ्या नागरिकत्वाची खात्री पटल्याशिवाय अर्ज मान्य करत नाहीत. अमेरिका मात्र अडवत नाही. गॅरी डेव्हिस यांनी १९४८ मध्ये पॅरिसमधील अमेरिकी दूतावासात आपले एकमेव नागरिकत्व सोडले आणि स्वतःला जगाचा नागरिक म्हणवले. त्यानंतर देशोदेशींच्या सीमांवर त्यांना वारंवार अडवण्यात आणि अटक करण्यात आले. त्यांनी ती वाट समजून-उमजून निवडली होती. आपल्यापैकी बहुतेकांना निवांत म्हातारपण हवे असते, म्हणून पावलांचा क्रम जपणे आवश्यक आहे.

पहिले पाऊल भारताच्या बाजूने टाकावे. कलम ५(१)(जी) प्रमाणे ज्याची ओसीआय नोंदणी होऊन पाच वर्षे झाली आहेत आणि जो अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहत आहे, त्याला नोंदणीद्वारे नागरिकत्व मागता येते. ज्याचे आई किंवा वडील, अथवा जो स्वतः पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, त्याच्यासाठी (एफ) हे उपकलम आहे; त्यातही बारा महिन्यांच्या वास्तव्याची अट आहे. या बारा महिन्यांत नातवंडांना भेटायला अमेरिकेला जाण्याचा मोह आवरावा, कारण विशेष परिस्थितीत केंद्र सरकार जी सवलत देऊ शकते ती सगळे खंड मिळून जास्तीत जास्त तीस दिवसांची आहे आणि तीही मागितली म्हणून मिळतेच असे नाही. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरून मूळ कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा लागतो, तिथून चौकशीचा अहवाल राज्य सरकारमार्फत केंद्राकडे जातो. जुना भारतीय पासपोर्ट रीतसर परत केल्याचे सरेंडर सर्टिफिकेट नसेल, तर ते काम अर्जाच्या आधीच उरकावे.

फार थोड्यांच्या लक्षात येणारी एक तरतूद इथे सांगायला हवी. कलम ५(३) नुसार ज्याचे भारतीय नागरिकत्व या कायद्याखाली सोडल्यामुळे किंवा संपुष्टात आल्यामुळे गेले, त्याची पुन्हा नोंदणी केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय होत नाही. ‘मी जन्माने इथला आहे, मला कोण नाही म्हणणार’ ही भावना मी समजू शकतो, पण कायद्याच्या दृष्टीने परत येण्याचा हा हक्क नाही, तो सरकारचा निर्णय आहे. म्हणूनच निर्णय हाती येण्याआधी असलेले नागरिकत्व सोडणे धोक्याचे आहे.

अर्ज मंजुरीस योग्य ठरला की मंत्रालयाकडून स्वीकृतीचे पत्र येते आणि परदेशी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागितला जातो. हे पत्र हातात पडल्यावरच दुसरे पाऊल उचलावे. तोवर अमेरिकी पासपोर्टची मुदत संपत असेल, तर त्याचे नूतनीकरणही करून घ्यावे.

अमेरिकेचे नागरिकत्व टपालाने, वकिलामार्फत किंवा अमेरिकेत बसून सोडता येत नाही. देशाबाहेर, अमेरिकेच्या राजनैतिक किंवा वाणिज्य अधिकाऱ्यासमोर स्वतः उभे राहून शपथ घ्यावी लागते. महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी ते ठिकाण म्हणजे मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावास. डीएस-४०७९ ही प्रश्नावली आधी भरून द्यावी लागते. शुल्क २०१४ मध्ये ४५० वरून २,३५० डॉलरवर नेण्यात आले होते. त्यात बदल होत असल्याने भेटीच्या वेळी लागू असलेला आकडा दूतावासाकडून पक्का करून घ्यावा. सही करण्यापूर्वी डीएस-४०८१ हे परिणामांची जाणीव असल्याचे निवेदन सावकाश वाचावे. दुसरे नागरिकत्व नसेल तर आपण नागरिकत्वहीन होऊ आणि प्रवासात कमालीच्या अडचणी येतील, हे त्यात स्वच्छ शब्दांत लिहिलेले असते. अठरा वर्षांच्या आत नागरिकत्व सोडलेल्यांना अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते परत मागण्याची एक पळवाट असते; प्रौढांसाठी हा निर्णय कायमचा असतो. आईवडिलांना अल्पवयीन मुलांच्या वतीने ते सोडता येत नाही, म्हणून अमेरिकेत जन्मलेली मुले अमेरिकी नागरिकच राहतात.

शपथ झाल्यावर कागदपत्रे मंजुरीसाठी वॉशिंग्टनला जातात आणि नागरिकत्व गेल्याचे प्रमाणपत्र काही काळाने येते. मंजुरी उशिरा आली, तरी नागरिकत्व शपथेच्या तारखेपासूनच गेलेले असते. म्हणजे योग्य क्रमाने चालणारा माणूसही शपथेपासून भारताचे नोंदणी प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाचाच नागरिक नसतो. हा काळ टाळता येत नाही, पण सांभाळून काढता येतो. या दिवसांत परदेशप्रवास ठरवू नये, स्वीकृतिपत्राच्या प्रती जवळ ठेवाव्यात, घराचे खरेदीखत किंवा बँकेतील मोठे व्यवहार आधी किंवा नंतर करावेत, आणि परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला आपल्या स्थितीची लेखी कल्पना देऊन त्याची पोच घ्यावी. अमेरिकेचे प्रमाणपत्र आले की त्याच आठवड्यात ते गृह मंत्रालयाकडे सादर करावे.

स्वीकृतिपत्र नसताना शपथ घेतली, तर हाच काळ अनिश्चित होतो. नागरिकत्वहीन व्यक्तींविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९५४ आणि १९६१ च्या करारांत भारत सामील नाही, अमेरिकाही नाही. जो भारताचा नागरिक नाही तो भारतीय कायद्यापुढे परकीय ठरतो, आणि आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. पासपोर्ट कायद्यात नागरिकत्वहीनांसाठी ओळख प्रमाणपत्राची सोय आहे आणि भारतातील तिबेटी निर्वासित ते वापरतात, पण त्यावर व्हिसा मिळवणे किती जिकिरीचे असते हे त्यांनाच विचारावे. बाहेर घालवायचे म्हटले तरी घेणारा देश नाही आणि आत राहायचे म्हटले तरी आधार नाही, अशा अवस्थेत साधे रुग्णालयात दाखल होतानाही ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न पडतो.

अमेरिकेच्या कराचे काम वेगळे आहे आणि ते नागरिकत्व सोडल्याने आपोआप मिटत नाही. ज्या वर्षी नागरिकत्व सोडले त्या वर्षीच्या विवरणपत्रासोबत ८८५४ क्रमांकाचा फॉर्म भरून मागील पाच वर्षांची करपूर्तता प्रमाणित करावी लागते. ती करता आली नाही, किंवा निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर वा अधिक असली, तर सर्व मालमत्ता नागरिकत्व सोडण्याच्या आदल्या दिवशी विकली असे मानून नफ्यावर कर आकारला जाऊ शकतो. पुण्यातील सदनिकाही त्या हिशेबात धरली जाते, त्यामुळे जागांचे भाव पाहता ही मर्यादा वाटते तितकी दूर नसते. दोन्ही देशांचे करकायदे जाणणाऱ्या सनदी लेखापालाची गाठ दूतावासाच्या भेटीआधी घ्यावी.

भारताच्या नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाल्यावर ओसीआय पुस्तिका परत करावी, पासपोर्टसाठी अर्ज करावा, बँकेला निवासाच्या व नागरिकत्वाच्या बदलाची माहिती द्यावी आणि मतदार यादीत नाव घालण्यासाठी नमुना ६ भरावा. ज्या गृहस्थांचा उल्लेख वर केला, त्यांनी दूतावासाची ती वेळ त्याच संध्याकाळी रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात कोणती कागदपत्रे लागतात याची चौकशी करायला ते स्वतः गेले.