पंचांच्या बैठकीत ख्रिस्ताला मस्तकस्थान कसे द्यावे

ख्रिस्त मंडळीचे, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाचे, मस्तक आहे, असे प्रेषित पौल बायबलमधील कलस्सैकरांस पत्रात (1:18) सांगतो. त्याची कसोटी मात्र उपासनेपेक्षा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत अधिक लागते. म्हणून हिशेबाची वही उघडण्यापूर्वी मार्कच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय मोठ्याने वाचावा आणि येशूने तेथे कोणाकडे लक्ष दिले, हे प्रत्येकाने एका वाक्यात सांगावे. अध्याय 16 आहेत, म्हणजे तितक्याच बैठका. छपराची गळती, वर्गणी, खुर्च्या हे विषय नंतर घ्यावेत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या विधवेकडे या आठवड्यात कोण जाणार, हे आधी ठरवावे. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या घरी प्रभुभोजनापूर्वी (भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीपूर्वी) स्वतः जावे. पाळकांकरवी निरोप धाडणे, माझ्या मते, पळवाटच आहे.