महाडीबीटीचा फॉर्म सुटण्याआधी: स्कॉलरशिपच्या खिडकीतून

जूनमध्ये आमच्या कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागाची खिडकी उघडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, फॉर्म सुटले का?" फॉर्म सुटतील. महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल. त्याचा फॉर्म भरायला एक दुपार पुरते, त्याला लागणारी कागदं जमवायला मात्र दोन-दोन महिने जातात. ही यादी त्या दोन महिन्यांसाठी.

आधी आधार. त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, आणि तो कुणाच्या खिशात आहे, हे बघा. नंबर वडिलांचा आणि वडील दिवसभर रानात, असं असलं की ओटीपी येऊन मुदत संपून जातो आणि इकडे कॅफेत मूल ताटकळत बसतं. मग नाव तपासा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, आधारवर शेवटी, हे एक वेळ चालून जातं. पण स्पेलिंगमधलं एक अक्षर इकडचं तिकडे असलं तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. ऐनवेळी आधार केंद्रावर नंबर लागत नाही.

आता बँक. इथे जरा थांबून वाचा, कारण मंजूर झालेले पैसे इथेच अडकतात. खातं आधारशी लिंक असणं वेगळं आणि सीड असणं वेगळं. लिंक म्हणजे तुमचा आधार क्रमांक बँकेच्या दप्तरी आहे, एवढंच. सीड म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारापुढे त्या बँकेचं नाव लागलेलं आहे. सरकार पैसे आधारावर पाठवतं आणि ते त्या नोंदीतल्या बँकेत जाऊन पडतात. आधारापुढे एका वेळी एकच बँक राहते, जी सर्वांत शेवटी सीड केली ती. एका मुलीचा हप्ता सहा महिने सापडत नव्हता. कॅशबॅकच्या नादात तिने मोबाइलवरून एक खातं उघडलं होतं आणि विसरून गेली होती. पैसे तिथे निवांत पडले होते. म्हणून यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, साइटवर जाऊन बँक सीडिंग स्टेटस बघा. बँकेचं नाव ओळखीचं असावं, पुढे ॲक्टिव्ह असावं, आणि त्या पानाची एक प्रिंट फाइलला लावावी. खातं शाळेत असताना, अल्पवयीन म्हणून उघडलेलं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी करावं लागतं. पासबुक घेऊन शाखेत स्वतः जा; फोनवर "हो हो, लिंक आहे" असंच उत्तर मिळतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीचा लागतो. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे फेब्रुवारीत हौसेने काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये रद्दी होतो. १ एप्रिलनंतर सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज टाका. रेशनकार्ड, तलाठ्याचा अहवाल किंवा पगाराचा फॉर्म १६ जवळ ठेवा. स्वयंघोषणापत्राला स्टॅम्पपेपर लागतो असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या टेबलावर विचारा.

दाखल्यावरचा आकडा कोणत्या योजनेत बसतो, ते घरीच बघून या. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिला आम्ही अजून जुन्या नावाने ईबीसीच म्हणतो. तिची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, मुलग्यांना शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम, आणि लाभ एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची अट आहे. त्यापेक्षा जास्त उत्पन्न असेल तर हताश होऊन परत जाऊ नका, फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, बघा. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे: आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसीतल्या, ८ लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मात्र प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला आणि मग आमच्याशी भांडलात, तरी आमच्या हातात काही नाही.

जातीचा दाखला बहुतेकांकडे असतो, वैधता प्रमाणपत्र नसतं. पडताळणी समितीला वेळ लागतो, म्हणून अर्ज बारावीतच टाका, खरं तर अकरावीत. समिती आजोबा-पणजोबांचा पुरावा मागते: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. यासाठी गावाला एक चक्कर ठरलेली, ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच मारा. शाळा बंद असली तरी गुरुजी गावातच भेटतात. ओबीसी आणि भटक्यांना नॉन-क्रिमीलेयरही (प्रवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) लागतं. त्याची मुदत दाखल्यावरच छापलेली असते आणि ती वाचायची राहून जाते.

बाकीचं पटकन सांगतो. डोमिसाईल, बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फी भरल्याची पावती, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. हॉस्टेलला राहत असाल तर वॉर्डनचा दाखला. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी पालक अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असल्याचा कागद. सगळं स्कॅन करून प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत बसवा, पण इतकी दाबू नका की गोल शिक्का शाईचा डाग दिसेल.

अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध मुलाचा सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर बाहेर राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना विसरू नका. तिची फाइल वेगळी लावा, त्यात भाडेकरार ठेवा.

पीएच.डी.वाल्यांचा रस्ता निराळा, तो राज्य सरकारच्या संस्थांमधून जातो. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबींसाठी पुण्याचीच सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. यांच्या अधिछात्रवृत्तीची (फेलोशिपची) जाहिरात निघते आणि मुदत बघता बघता सरते. नोंदणीचं पत्र, मार्गदर्शकांचं पत्र, संशोधन आराखडा आणि दुसरी कुठलीही फेलोशिप घेत नसल्याचं हमीपत्र हे चार कागद वर्षभर तयार ठेवा. मार्गदर्शक परिषदेला गेले की आठवडाभर सही मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

फॉर्म भरला की युजर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहा. कॅफेवाल्याच्या वहीत नव्हे, स्वतःच्या. दर वर्षी रिन्यूअल त्याच आयडीवरून होतं. नवा आयडी काढायला गेलात तर आधार आधीच वापरलेला आहे म्हणून पोर्टल अडवतं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून योजना चालवणाऱ्या सरकारी खात्याच्या लॉगिनला जातो. कुठेही त्रुटी निघाली की तो परत तुमच्याकडे येतो, आणि त्याचा मेसेज प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. दर सोमवारी लॉगिन करून स्टेटस बघा. अर्ज परत आलेला दिसला तर शेरा नीट वाचा, मग खिडकीवर या. येताना मूळ कागद आणा, मोबाइलमधले फोटो नकोत. साडेअकराच्या आत आलात तर रांग कमी असते.