गवताच्या बियाण्यातला छुपा विषाणू कसा शोधायचा

रायग्राससारख्या थंड मुलखातल्या कुरणी गवतांत क्रिप्टिक, म्हणजे लक्षणं न दाखवणारे छुपे विषाणू आढळतात. पान हिरवंगार, फुटवे भरपूर, तरीही पेशीपेशीत विषाणू. मावा तो पसरवत नाही, विळ्यानेही तो लागत नाही. बी आणि परागकण एवढ्याच त्याच्या वाटा. म्हणून फवारणी आणि झाडं उपटणं, दोन्ही व्यर्थ. बेळगावकडच्या खानापूर, चिकोडी भागात गिनी गवताचं किंवा वैरणीच्या ज्वारीचं बी तपासायचं असेल, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुढची पद्धत जमते. या विषाणूंचा जनुकीय मजकूर दुहेरी धाग्याच्या आरएनएत असतो; यात तोच वेगळा काढतात. निरोगी झाडात तो जेलवर (वीज देऊन आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) पट्टा उमटण्याइतका नसतो.

शंभरात एक बी बाधित असेल तर ९५ टक्के खात्रीसाठी ३०० रोपं तपासावी लागतात; शंभरात पाच असतील तर ६० पुरतात. दहा रोपांचा एक गट धरा, गटामागे ५ ग्रॅम कोवळी पानं घ्या.

पानं गोठवून खलात पूड करा. १० मिली एसटीई बफर (मीठ, ट्रिस आणि ईडीटीएचं द्रावण), १ टक्का एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि तेवढंच फिनॉल-क्लोरोफॉर्म घालून अर्धा तास हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचा थर घ्या. फिनॉल कातडी भाजतं, हातमोजे हवेतच.

आता इथेनॉल, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. मिश्रणात ते १६.५ टक्के हवं, म्हणजे १० मिली द्रवाला सुमारे २ मिली शुद्ध इथेनॉल. कमी पडलं तर हवा तो आरएनए सेल्युलोजला चिकटत नाही, जास्त झालं तर नको तेही चिकटतं. १ ग्रॅम तंतुमय सेल्युलोज पावडर घाला, त्याच प्रमाणाच्या इथेनॉल-बफरने भरपूर धुवा आणि मग बिनइथेनॉलच्या बफरने आरएनए उतरवा. अडीचपट इथेनॉल घालून रात्रभर उणे २० अंशांवर ठेवा. तळाशी बसलेला साका डीएनेझने (डीएनए तोडणारं विकर), मग जास्त मिठाच्या द्रावणात आरएनेझने (आरएनए तोडणारं विकर) साफ करा. कमी मिठात आरएनेझ दुहेरी धागाही खातं. एक नमुना मुद्दाम कमी मिठात चालवा, पट्टा नाहीसा झाला तर ओळख पक्की.

जेलवर दीड ते दोन हजार बेसजोड्यांजवळ (बेसजोडी म्हणजे आरएनएची लांबी मोजायचं एकक) दोन पट्टे दिसले तर क्रिप्टिकचा संशय घ्या. दहा हजारांच्या वर एकच जाड पट्टा असेल तर तो बहुधा एंडोर्नाव्हायरस, म्हणजे वेगळ्या गटातला विषाणू. तोही बिनलक्षणी, तोही बियातून येणारा. ढोबळी मिरचीच्या अनेक वाणांत तो असतोच, त्यामुळे पद्धत चालते का हे पाहायला तिची पानं स्वस्तात कामी येतात.

नुसत्या पट्ट्यावर निकाल मात्र देऊ नका. जांबोटीकडच्या पावसाळी हवेत ओलसर राहिलेल्या बियांना बुरशी धरते आणि बुरशीचेही असेच विषाणू असतात. पेरण्याआधी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ५ मिनिटं बी बुडवून धुवा. आतली बुरशी त्याने मरत नाही, म्हणून शेवटचा शब्द आरटी-पीसीआर (ठरावीक विषाणूचा आरएनए ओळखणारी चाचणी) आणि सिक्वेन्सिंगचा (त्याचा अक्षरक्रम वाचण्याचा).

विषाणू सापडला तरी वैरण बिनधास्त घाला, जनावरांना तो बाधत नाही. विषाणूमुक्त बीच हवं असेल तर तपासलेली झाडं बाधित प्लॉटपासून दूर लावा: बाहेरचा पराग मादी झाडाला बाधा देत नाही, पण त्यावर धरलेल्या बियात विषाणू उतरू शकतो. म्हणून पुढच्या हंगामात झाडाऐवजी बी तपासा.